नवग्रह पाहिले... आधी देवळात, मग आभाळात!

‘‘आई, तुला शनी दाखवते. देवळातला नाही, खराखुरा!’’

मी हे म्हटलं तेव्हा आई वाती वळत होती. तिचा हात थांबला. वर न बघता ती म्हणाली, ‘‘त्याला काय मुद्दाम बघायला जायचं असतं? तो आपणहून येतो.’’

माझे बाबा २०२३च्या पावसाळ्यात गेले. आईची रास कुंभ. त्याच वर्षी जानेवारीत शनी कुंभेत आला होता. कुणा जाणकारानं पत्रिका बघून आधीच सांगून ठेवलं होतं, की शनी राशीत आल्यावर सांभाळा. झालं! बाबांचं हृदय आधीच अधू होतं, बायपास झाली होती, डॉक्टरांनी कल्पना दिली होती, हे सगळं बाजूला राहिलं. आईनं मनाशी हिशेब मांडला की माझ्या साडेसातीनं यांना नेलं. हे ती मोठ्यानं कधी बोलली नाही. पण दर शनिवारी मारुतीला तेल घालताना तिचा चेहरा बघितला की कळायचं.

तमिळनाडूत तिरुनळ्ळारला (खरं तर ते गाव पुदुच्चेरीच्या कारैकाल भागात येतं) शनीचं मोठं ठाणं आहे, तिथे शनिवारी जायचं, हा तिचा दोन वर्षांचा ध्यास. माझा ध्यास वेगळा. माझी लेक पाचवीत. तिला शाळेत सूर्यमाला शिकवली, पण आमच्या ठाण्याच्या गच्चीवरून तिला दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढेच तारे दिसतात. तिला एकदा काळंकुट्ट आभाळ दाखवायचं होतं. नकाशा पसरला आणि लक्षात आलं, की आईचा शनी आणि लेकीचं आभाळ एकाच रस्त्यावर आहेत. कुंभकोणमच्या आसपास नवग्रहांची नऊ देवळं. तिथून साधारण सव्वाशे किलोमीटरवर, जमीन जिथे समुद्रात घुसून संपते तिथे कोडिक्करैचं पाणथळ रान. इंग्रज त्याला पॉइंट कॅलिमीर म्हणत. पूर्वेला बंगालचा उपसागर, दक्षिणेला पाल्कची सामुद्रधुनी, पाठीमागे मिठागरं आणि दलदल. दिवे लावायला माणूसच नाही!

आता तुम्ही म्हणाल, आभाळच बघायचं तर एवढ्या लांब कशाला? आपल्याच पेंचला जावं. खरं आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये काळोख्या आभाळाबद्दल आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असं प्रमाणपत्र मिळवणारं ते भारतातलं पहिलं उद्यान. मुंबईकरांना खगोल मंडळाच्या वांगणीच्या रात्री ठाऊक आहेत, आणि पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून लोकांना आकाश दाखवते आहे. पण आपण कितीही काळोखात बसलो, तरी दक्षिणेकडचं आभाळ आपल्याला पुरतं मिळत नाही. पृथ्वी गोल आहे ना! आपण दक्षिणेला सरकू तसा ध्रुव खाली जातो आणि दक्षिणेचे तारे वर येतात. मुंबईहून अगस्तीचा तारा जास्तीत जास्त अठरा अंश वर चढतो, कोडिक्करैहून सत्तावीस. त्रिशंकूचा खालचा तारा मुंबईत क्षितिजापासून जेमतेम आठ अंशांवर, म्हणजे धुळीत आणि इमारतींत बुडालेला. तिथे तो सोळा-सतरा अंशांवर येतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. त्यावरून हिशेब करून बघा.

बेत आखणं सोपं नव्हतं. कोडिक्करैचा पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत येत नाही. तिथे तो ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर कोसळतो, त्यात वादळंही असतात. नोव्हेंबर २०१८मध्ये ‘गज’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं होतं. एप्रिलनंतर उकाडा आणि धुरकट हवा. म्हणजे उरले जानेवारीचा शेवट, फेब्रुवारी आणि मार्चची सुरुवात. त्यातही अमावास्येच्या आसपासचेच दिवस हवेत, कारण चंद्र असला की तारे अर्ध्याहून अधिक गायब.

२०२५च्या जानेवारीअखेरीला आणखी एक योग होता. शनी, शुक्र, गुरू आणि मंगळ हे चौघेही संध्याकाळीच आभाळात. मी कालनिर्णय उघडलं. २९ जानेवारी, बुधवार, पौष अमावास्या. तीन दिवसांनी शनिवार. आईचं तिरुनळ्ळारही बसतंय. मी स्वतःवरच खूश होऊन तिकिटं काढली.

इथे माझी एक चूक झाली होती. ती पुढे येईलच.

सूर्याभोवती आठ देवळं

आम्ही चेन्नईहून रात्रीच्या गाडीनं कुंभकोणमला उतरलो आणि गाडी ठरवून मुक्काम आडुतुरैजवळ टाकला. कुंभकोणमहून मायिलाडुतुरैकडे जाताना हे गाव लागतं. रेल्वे स्टेशन, बाजारपेठ, दोन-चार लॉज. शेतकऱ्यांना हे नाव वेगळ्या कारणानं माहीत. इथे १९२२ पासून भाताचं संशोधन केंद्र आहे आणि इथे निघालेल्या ‘एडीटी’ नावाच्या भाताच्या जाती तमिळनाडूभर पेरल्या जातात. सकाळी बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना कावेरीच्या कालव्यांचं पाणी आणि कापणीला आलेलं पिवळं भात. आईला तळकोकणातलं माहेर आठवलं.

आडुतुरैपासून दोन-तीन किलोमीटरवर सूर्यनार कोविल. हे देऊळ चोळ राजा पहिला कुलोत्तुंग (१०७०–११२२) याच्या काळातलं मानतात. मधोमध सूर्य, पश्चिमेला तोंड करून. समोर गुरू. आणि बाकीचे ग्रह भोवती, प्रत्येकाचं आपापलं छोटं देऊळ. लेक प्रदक्षिणा घालताना एकदम थबकली. ‘‘आजी, यांना तेव्हाच माहीत होतं! सूर्य मध्ये आणि ग्रह भोवती!’’

आईला केवढा आनंद झाला! मला तो मोडवत नव्हता, पण पत्रकाराला गप्प राहवत नाही. या नऊ ग्रहांत सूर्य स्वतःच एक ग्रह आहे, चंद्रही आहे आणि पृथ्वी मात्र नाही. राजाला मध्ये बसवतात तसा सूर्य मध्ये बसलाय. सूर्य स्थिर असल्याचं कोपर्निकसचं पुस्तक यायला १५४३ साल उजाडायचं होतं. लेकीनं मान डोलावली आणि पुन्हा आठ देवळं मोजायला लागली.

इथून कंजनूरचा शुक्र तीन-चार किलोमीटरवर. राहूचं तिरुनागेश्वरम, गुरूचं आलंगुडी, चंद्राचं तिंगळूर, बुधाचं तिरुवेंकाडु, मंगळाचं वैत्तीश्वरन कोविल, केतूचं कीळपेरुम्पळ्ळम. एका दिवसात नऊही ग्रह उरकणाऱ्या बसगाड्या कुंभकोणमहून सुटतात. पहाटे निघायचं आणि रात्री नऊ प्रसादाच्या पुड्या घेऊन परतायचं. आम्ही दोनच केले आणि उरलेला वेळ गोविंदपुरमला घालवला.

गोविंदपुरम आडुतुरैहून तिरुविडैमरुदूरच्या वाटेवर आहे. नामजपाचा प्रचार करणारे बोधेंद्र स्वामी इथे समाधिस्थ झाले. आणि इथे विठ्ठल-रुक्मिणीचं भलंमोठं देऊळ आहे! कावेरीच्या काठी, तमिळ पाट्यांच्या गर्दीत कमरेवर हात ठेवून उभा असलेला विठोबा बघितला आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा पंढरीचे वारकरी होते. यात तसं नवल नाही. तंजावरला व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. त्यांच्याबरोबर आलेली माणसं, कीर्तनं, अभंग इथेच रुजले. मंडपात एक वृद्ध बाई बसल्या होत्या. आमचं बोलणं ऐकून त्यांनी मराठीतच विचारलं, कुठून आलात? त्यांची मराठी तंजावरची, सूर तमिळ. अर्धं कळलं, अर्धं कळलं नाही. पण दोघी अर्धा तास बोलत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं होतं. बाराला सामान गाडीत ठेवलं तर आमचे ड्रायव्हर अण्णा जागचे हलेनात. राहुकाल! बुधवारी तो बारा ते दीड. तमिळनाडूत राहुकाल सरकारी सुट्टीपेक्षाही कडक पाळतात. मला उशिराची चिंता, आईला मात्र अण्णांबद्दल एकदम आदर वाटू लागला. दीड वाजून एक मिनिटानं गाडी सुरू झाली. तिरुवारूर, तिरुत्तुरैप्पूंडि, वेदारण्यम असा रस्ता. भाताची हिरवी-पिवळी शेतं हळूहळू संपतात, झाडं खुरटी होतात आणि वेदारण्यमला मिठाचे पांढरे ढीग दिसू लागतात. गांधीजींच्या दांडीनंतर एप्रिल १९३०मध्ये राजाजींनी तिरुच्चीहून चालत येऊन मिठाचा कायदा मोडला, तो इथेच.

आणि इथेच माझी चूक समोर आली. वेदारण्यमच्या अलीकडे गाड्यांची रांग. बसगाड्या, टेम्पो, ओले कपडे टांगलेल्या जीप. अण्णा हसून म्हणाले, ‘‘तै अमावासै!’’ आपली पौष अमावास्या ती त्यांची तै महिन्यातली अमावास्या. पितरांसाठी समुद्रस्नान करायचा वर्षातल्या मोठ्या दिवसांपैकी एक. आणि स्नानाच्या पुण्यवान जागांपैकी एक कोडिक्करै! मी वर्षातली सगळ्यात काळोखी रात्र शोधून काढली होती आणि त्याच दिवशी अर्धा जिल्हा तिथे लोटला होता.

संध्याकाळीही गर्दी पुरती ओसरली नव्हती. किनाऱ्यावर फुलं, केळीची पानं, काळे तीळ. दुकानांवर दिव्यांच्या माळा, जनरेटर, भोंग्यावर भक्तिगीतं. वर ढग. लेक रडवेली झाली. आई मात्र चप्पल काढून पाण्यात गेली आणि ओंजळीनं बाबांच्या नावानं पाणी सोडून आली. मी तिला थांबवलं नाही. बेत माझा फसला होता, तिचा नाही.

तेव्हा वाचकहो, पहिला धडा पक्का लिहून ठेवा. कोडिक्करैला काळोख बघायला जायचं तर तै आणि आषाढातली अमावास्या टाळा. सगळ्यात बरं म्हणजे फेब्रुवारीतल्या अमावास्येच्या आधीचे चार-पाच दिवस. तेव्हा चंद्र पहाटे उगवतो आणि रात्र सगळी तुमची.

रोहितांच्या गावात

दुसरा दिवस पक्ष्यांचा. १९६७ साली काळविटांसाठी इथे अभयारण्य झालं आणि २००२ साली हा सगळा पाणथळ पट्टा रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेला. दलदलीत रोहित पक्ष्यांच्या गुलाबी-पांढऱ्या रांगा. आईला आधी ती कुणीतरी वाळत घातलेली धुणी वाटली! शिवाय सुरय, तुतारी, बगळे आणि काळविटांचे कळप. काळविटांच्या शेजारीच मोकाट घोडे चरत असतात, ते पाहून लेक वेडीच झाली. आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं इथे पक्ष्यांच्या अभ्यासाचं केंद्र आहे. डॉ. सालिम अलींचा या जागेवर फार जीव. पक्ष्यांच्या पायात नंबराची कडी घालायची आणि ते कुठून कुठे जातात ते शोधायचं, हे काम इथे वर्षानुवर्षं चाललं आहे.

हे पक्षी उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडत येतात, त्यांतले कितीतरी रात्री. वाट कशी सापडते? अमेरिकेत स्टीफन एम्लेन या शास्त्रज्ञानं १९६७ साली छोट्या पक्ष्यांना कृत्रिम आकाशाखाली ठेवून पाहिलं. ज्या बिंदूभोवती तारे फिरतात तो बिंदू पक्षी ओळखतात आणि त्यावरून उत्तर-दक्षिण ठरवतात, असं त्याच्या प्रयोगांतून दिसलं. पाखरांना ध्रुव कळतो! आणि रात्री दिव्यांचा झगमगाट असला की तीच पाखरं भांबावतात. म्हणजे या पाणथळीला पाण्याइतकीच काळोखाचीही गरज आहे. असं असूनही काळोख मोजायचं, राखायचं कुणाच्या मनात येत नाही. पाणी आटलं तर निदान बातमी होते.

वेदारण्यम आणि कोडिक्करै यांच्या मध्ये अगस्त्यमपळ्ळी हे खेडं आहे. विंध्याला वाकवून दक्षिणेत आलेल्या अगस्ती ऋषींना शिव-पार्वतीच्या विवाहाचं दर्शन या भागात झालं, अशी इथली कथा. आपल्या नगर जिल्ह्यात अकोल्याला प्रवरेकाठी अगस्तींचा आश्रम आहे, तेच हे अगस्ती. खेड्यात देऊळ आहे आणि रेल्वे स्टेशनही. तिरुत्तुरैप्पूंडिहून इथपर्यंतची सदतीस किलोमीटरची लाइन रुंद होऊन एप्रिल २०२३मध्ये सुरू झाली. ऋषीच्या नावाच्या स्टेशनावर उतरायचं आणि रात्री त्याच नावाचा तारा बघायचा, असा योग दुसरीकडे कुठे मिळेल?

तारा मात्र त्या रात्री दिसला नाही. ढग! दीपगृहाचा झोत ढगांवरून फिरत राहिला आणि आम्ही डासांना रक्त देत गच्चीवर बसलो. अकराला आई म्हणाली, ‘‘त्याच्या मनात नसेल तर नाही दिसणार.’’

एकतीस तारीख. शेवटची संध्याकाळ. सहाच्या सुमारास पश्चिमेकडचा ढग खालून फाटला. सव्वासहाला सूर्य मिठागरांपलीकडे बुडाला आणि त्या फटीत आधी दिसली चंद्राची कोर, दोन दिवसांची, नखाएवढी. तिच्या बऱ्याच वर शुक्र. तो इतका झगझगीत की खालच्या पाण्यावर त्याची रेघ पडली. डोक्यावर ढगांच्या खिडकीतून गुरू, रोहिणी ताऱ्याशेजारी. पूर्वेला तांबूस मंगळ. लेक बोटं मोडत होती. सूर्य आत्ताच गेला, तो एक. चंद्र दोन, शुक्र तीन, गुरू चार, मंगळ पाच.

‘‘बुध?’’

बुध सूर्याच्या उजेडात लपला होता. आणि राहू-केतू कधीच दिसत नाहीत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते, ते हे दोन बिंदू. सूर्य-चंद्र तिथे एका रेषेत आले की ग्रहण. ज्यानं अण्णांनी आमचा दीड तास खाल्ला, तो राहू आभाळात मोकळी जागा आहे!

‘‘आणि शनी?’’ हे आईनं विचारलं.

मी कोर आणि शुक्र यांच्या मधली जागा दाखवली. तिथे ढगाचा पदर होता. आम्ही थांबलो. साडेसात वाजायला आले. कोर खाली खाली चालली. आणि मग पदर सरकला. कोरेच्या वर, शुक्राच्या बराच खाली एक पिवळसर ठिपका. लुकलुकत नव्हता, शांत होता. मी दुर्बीण आईच्या हातात दिली. साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून शनीची कडी दिसत नाहीत. त्या वर्षी तर ती जवळजवळ काठावरून दिसत होती, मोठ्या दुर्बिणीतही नुसती रेघ. त्यामुळे तिला दिसला तो ठिपकाच, थोडा ठळक.

‘‘हा?’’ आई म्हणाली.

‘‘हा.’’

‘‘एवढाच?’’

मग ती बराच वेळ दुर्बीण डोळ्यांना लावून बसली. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलत राहिले. की त्याचा प्रकाश इथे पोचायला जवळजवळ दीड तास लागतो. की त्याला सूर्याभोवती एक फेरा घालायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून तो शनैश्चर, हळू चालणारा. बारा राशींत भागलं की एका राशीला अडीच वर्षं. आपली, आधीची आणि नंतरची, अशा तीन राशी धरल्या की साडेसात. साडेसातीचा आकडा आला तो असा, त्याच्या चालीवरून. आणि बारांतल्या तीन राशी म्हणजे पाव भाग, म्हणजे कधीही बघितलं तरी जगातल्या दर चार माणसांमागे साधारण एकाची साडेसाती चालूच असते.

आईनं दुर्बीण खाली घेतली. ‘‘दर चारांत एक?’’

‘‘साधारण.’’

‘‘मग त्या सगळ्यांच्या घरात...’’ एवढं म्हणून ती थांबली. पुढे बोलली नाही. मीही नाही.

शांतता लेकीनं मोडली. ‘‘सॅटेलाइट! सॅटेलाइट!’’ एक ठिपका नैर्ऋत्येकडून चढत उत्तरेकडे निघाला होता. तुमच्याही फोनवर तो निरोप आला असेल, की तिरुनळ्ळारवरून जाताना उपग्रह तीन सेकंद थांबतात आणि ‘नासा’चे शास्त्रज्ञ चकित झाले आहेत. आईच्या गटावर तो महिन्यातून दोनदा येतो. तिरुनळ्ळार आमच्यापासून उत्तरेला, त्याच दिशेला. तिघीही श्वास रोखून बघत राहिलो. ठिपका चालत गेला, चालत गेला आणि पृथ्वीच्या सावलीत शिरून विझला. थांबला बिंबला नाही. सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर धावणारी वस्तू थांबेल कशी? थांबली तर पडेल.

‘‘गटावर लिहू का?’’ लेकीनं विचारलं. आई हसली. किती दिवसांनी!

दहाच्या सुमाराला दक्षिणेचे ढग विरळ झाले. समुद्रावर मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे होते. काळोख शंभर टक्के नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. हवेत ओलही होती, क्षितिजाजवळचे तारे मळकट. पण त्या सगळ्याच्या वर, तीन मुठींच्या आत, अगस्ती. व्याधाखालोखाल आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा. ठाण्याहून मी तो बघितला आहे, पण दोन इमारतींच्या फटीत. इथे तो समुद्रावर मोकळा उभा होता. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ३१० वर्षं लागतात. म्हणजे आम्ही बघत होतो तो किरण निघाला तेव्हा तंजावरच्या गादीवर पहिले सरफोजी महाराज होते आणि साताऱ्यात शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई देऊन फार दिवस झाले नव्हते.

मध्यरात्री पावसाची एक सर येऊन गेली. पहाटे चारला मी लेकीला उठवलं. आभाळ धुतल्यासारखं. दक्षिणेला त्रिशंकू ताठ उभा, त्याच्या डावीकडे मित्र आणि मित्रक. उत्तरेला ध्रुव शोधला तर तो इतका खाली की झाडांच्या शेंड्यांतून हुडकून काढावा लागला. मधोमध इतके तारे की लेकीनं मोजायचं सोडून दिलं. आईही शाल गुंडाळून आली होती. तिनं काही विचारलं नाही, नुसती मान वर करून उभी राहिली.

तुम्हाला जायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. अभयारण्यात रात्री फिरायला परवानगी नसते, आणि असती तरी दलदलीत, भरतीच्या पाण्यात अंधारात जाणं वेडेपणाचं. तारे बघायचे ते मुक्कामाच्या गच्चीवरून किंवा गावालगतच्या किनाऱ्यावरून. वनखात्याचं विश्रामगृह आहे, ‘पूनारै इल्लम’ म्हणजे रोहितांचं घर. त्याची परवानगी आधी काढावी लागते. ती न मिळाल्यास वेदारण्यमला राहून गाडीनं ये-जा करता येते, अंतर दहा-अकरा किलोमीटर. संक्रांतीच्या पतंगांचा लाल कागद उरला असेल तर टॉर्चच्या काचेवर दोन पदर चिकटवा. लाल उजेडानं डोळे दिपत नाहीत. काळोखाला सरावायला डोळ्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मोबाइल एकदा उघडला की ती मेहनत वाया. दहा बाय पन्नासची द्विनेत्री दुर्बीण पुरे, मोठी वाहून नेऊ नका. दंव फार पडतं, काच पुसायला सुती कापड आणि अंगावर टोपरं असू द्या. डासांचं मलम विसराल तर माझी आठवण काढाल. आणि एका रात्रीचा बेत कधीच करू नका. आम्ही तीन ठेवल्या म्हणून एक मिळाली.

शनिवारी सकाळी आम्ही तिरुनळ्ळारला पोचलो. नागपट्टिणम आणि कारैकाल करत किनाऱ्यानं वर जावं लागतं. मूळ देऊळ दर्भारण्येश्वर शिवाचं, पण गर्दी असते ती शनीच्या गाभाऱ्यासमोर. नळराजाची पीडा इथे सुटली, म्हणून नळतीर्थात स्नान. नळ-दमयंतीची गोष्ट लेकीला आजीनं गाडीतच सांगितली होती. तिळाच्या तेलाचे दिवे, काळी वस्त्रं, घामानं थबथबलेली रांग. आईनं सगळं यथासांग केलं. कालचा ठिपका बघितला म्हणून तिनं एकही दिवा कमी लावला नाही.

बाहेर एका दुकानदारानं मोडक्या हिंदीत सांगितलं, की खरी गर्दी बघायची तर शनी रास बदलतो तेव्हा या. मागच्या वेळी २० डिसेंबर २०२३ला केवढे लोक आले होते! मी चमकले. आपल्या पंचांगांत शनी कुंभेत गेला तो १७ जानेवारी २०२३ला. तेव्हा उलगडा झाला. हे देऊळ जुन्या वाक्य पंचांगानं चालतं, म्हणजे परंपरेनं आलेल्या कोष्टकांवर. आपली बहुतेक पंचांगं दृक् गणिताची, आभाळातल्या प्रत्यक्ष वेधांशी जुळवलेली. आपल्याकडे दाते आणि टिळक पंचांगांत सणांच्या तारखा हुकतात ना, त्यातलाच प्रकार. इथे फरक अकरा महिन्यांचा.

आईनं हे ऐकलं. गाडीत बसल्यावर, कारैकाल मागे पडल्यावर तिनं विचारलं, ‘‘म्हणजे यांच्या हिशेबानं हे गेले तेव्हा तो माझ्या राशीत आलाच नव्हता?’’

‘‘यांच्या हिशेबानं नाही.’’

‘‘तरी साडेसाती होतीच,’’ ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं पर्समधून तिळाच्या लाडवांचा डबा काढला आणि अण्णांनाही एक दिला.

मार्चच्या सुरुवातीला तिचा फोन आला. ‘‘अगं, शुक्राच्या खाली रोज बघते. शनी दिसत नाही.’’

‘‘सूर्याजवळ गेलाय आई. अस्त झालाय त्याचा.’’

‘‘परत कधी?’’

‘‘एप्रिलमध्ये. पहाटे, पूर्वेला.’’

‘‘थांब, लिहून ठेवते,’’ ती म्हणाली. फोनवर कालनिर्णयाची पानं उलटल्याचा आवाज आला.